पट्टा बांधून हा हर्निया थांबेल का?

प्रश्न : सासूबाई ८४ वर्षांच्या, वजन ३६ किलो. काही महिन्यांपासून उजव्या मांडीत आतल्या बाजूने गुडघ्यापर्यंत कळ येते. आम्ही संधिवात समजलो. मधूनच पोट फुगून उलट्या होतात आणि आपोआप थांबतात. सीटी स्कॅनमध्ये ऑब्ट्युरेटर हर्निया निघाला. एवढ्या अशक्त बाईचं ऑपरेशन करण्यापेक्षा पट्टा चालेल का? – एक वाचक, प्रभादेवी

उत्तर : नाही. हा हर्निया ओटीपोटाच्या हाडातल्या भोकातून, मांडीच्या स्नायूंखाली उतरतो. बाहेर गाठच नाही, तर पट्टा दाबणार काय? त्या वाटेतली चरबी झडली की आतडं आत शिरतं, म्हणून तो बहुधा अगदी कृश वृद्ध स्त्रियांत दिसतो. मांडीची नसही तिथूनच जाते. पाय मागे ताणला की कळ वाढते, दुमडला की कमी होते.

आतडं आपोआप सुटतं आहे तोवरच, म्हणजे लवकरात लवकर, ठरवून ऑपरेशन करून घ्या. भूल देणाऱ्या डॉक्टरांकडून तपासणी होते, जमल्यास दुर्बिणीने जाळी बसवता येते, दुसरी बाजूही पाहता येते. वाट अरुंद आणि कडांना ताठ असल्याने अडकलेल्या आतड्याचा रक्तपुरवठा लवकर तुटतो. मग रात्री-अपरात्री पोट उघडावं लागतं. आतडं काळं पडलं असेल तर तेवढा भाग कापून जोडतात आणि जंतुसंसर्गाच्या भीतीने जाळी सहसा टाळून भोक टाक्यांनी बंद करतात. ८४व्या वर्षी खरा धोका यात आहे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर सर्जनना सांगा, स्वतःहून बंद करू नका.

तोवर पुन्हा उलट्या सुरू झाल्या तर तोंडाने काही नको, पाणीही नाही. एरंडेल, एनिमा तर अजिबात नको. मांडी दाबून, चोळून पाहू नका. उलटी फुफ्फुसात जाऊ नये म्हणून कुशीवर, डोकं उंच ठेवून निजवा आणि १०८ला फोन करा. इमारतीला लिफ्ट नसेल तर जिन्यावरून उतरवायला हात असलेली खुर्ची आणि दोन माणसं आधीच ठरवून ठेवा. स्कॅनची फाइल सोबत घ्या. वारा सरतोय म्हणून थांबू नका: कधीकधी आतड्याची एकच भिंत अडकते, तेव्हा वाट पूर्ण बंद होत नाही.

रुग्णालयात नाकातून नळी, सलाइन आणि लघवीची नळी लागते. लघवी तासाला साधारण १८ मिली तरी व्हावी. उलट्यांनी घटलेलं पोटॅशियमही भरून काढतात. ऑपरेशननंतर चष्मा आणि कानाचं यंत्र लगेच हाताशी द्या, नाहीतर अशा वयात भ्रम होतो. डॉक्टरांनी परवानगी दिली की दुसऱ्याच दिवशी खुर्चीत बसवा.