आधी टायर बघ, मग थ्रॉटल

रेसिंग सोडून नऊ वर्षं झाली होती. एकदा मित्राची बाईक नुसती ‘बघायला’ म्हणून ट्रॅकवर गेलो आणि पुन्हा अडकलो. त्यामुळे वेगाचा नाद सोड असं तुला मी कोणत्या तोंडाने सांगू? फक्त ही हौस रस्त्यावर भागवू नकोस, ट्रॅकवर ये.

पहिल्या दिवशी माझं काय चुकलं ते ऐक. ब्रेक कुठे लावायचा ते डोक्याला पाठ होतं, डोळे आणि हात मात्र मागे पडले होते. तिसऱ्या लॅपला वळण अंगावर आलं, घाबरून मी कडेच्या खडीकडे बघितलं आणि बाईक सरळ तिकडेच गेली. नजर जाते तिथे बाईक जाते. म्हणून वळणात शिरतानाच बाहेर पडायची जागा शोध. पुढचा ब्रेक एकदम सोडू नकोस. बाईक झुकेल तसतशी बोटं सैल कर, म्हणजे पुढच्या टायरवरचा भार टिकतो. आणि वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यावर थांबायला चौपट अंतर लागतं.

टायरच्या कडेवरचे चार आकडे वाच. ३५१८ म्हणजे २०१८ चा पस्तिसावा आठवडा. नक्षी शाबूत दिसली तरी जुनं रबर कडक होतं. माझे टायर तसेच होते, सांगायला लाज वाटते.

जगज्जेता ब्रिटिश बाईक रेसर माइक हेलवूड ११ वर्षांनी आयल ऑफ मॅन टीटी या बाईक शर्यतीला परतला आणि १९७८ मध्ये डुकाटीवर जिंकला, हे मीही बायकोला ऐकवलं होतं. पण तो हेलवूड होता! तू पहिली दोन सेशन्स स्टॉपवॉच बंदच ठेव, आणि हात भरून आले की मुकाट पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकच्या कडेच्या थांब्यावर ये.