नेम कातडीवर नाही, कातडीच्या आत

प्रश्न : हरणाच्या शिकारीचा पहिला परवाना मला या हंगामात मिळाला आहे. शंभर मीटरवर जेवणाच्या ताटलीएवढ्या कागदात माझ्या पाचही गोळ्या बसतात. पण नेम नेमका कुठे धरायचा हे विचारलं की प्रत्येक जण वेगळं सांगतो. कुणी म्हणतं डोक्यात मारा, जागच्या जागी पडतं. कुणी मान सांगतं, कुणी खांदा. जनावर तडफडू नये एवढंच मला हवं आहे. तुम्ही स्वतः कुठे मारता?

उत्तर : मी छातीत मारतो, पुढच्या पायाच्या लगेच मागे, आणि हरीण आडवं उभं असेल, म्हणजे त्याची एक कूस पूर्ण माझ्याकडे असेल, तेव्हाच. डोक्यात आणि मानेत मारत नाही.

आधी कातडीच्या आत काय आहे ते डोळ्यांपुढे आणा. हरणाचं हृदय आपल्याला वाटतं त्यापेक्षा बरंच खाली आणि पुढे असतं, दोन पुढच्या पायांच्या मध्ये, कोपराच्या जरा वर. त्याच्या वरची आणि मागची बरगड्यांची जवळजवळ सगळी पोकळी फुप्फुसांनी भरलेली असते. मध्यम आकाराच्या हरणात हा हृदय-फुप्फुसांचा भाग २० ते २५ सेंटिमीटर रुंद भरतो, म्हणजे तुमच्या ताटलीएवढाच. लहान जातीच्या हरणात तो जेमतेम निम्मा असतो, हे विसरू नका. दोन्ही फुप्फुसांतून गोळी आरपार गेली की छातीत हवा शिरते, फुप्फुसं मिटतात, रक्तदाब कोसळतो आणि मेंदूला रक्त मिळेनासं होतं. बहुतेक वेळा दहा-पंधरा सेकंदांत खेळ आटोपतो. तेवढ्या वेळात हरीण पन्नास-शंभर मीटर पळू शकतं. पळालं म्हणजे नेम चुकला असं मुळीच नाही.

जागा अशी शोधा. आडव्या उभ्या हरणाच्या पुढच्या पायाची मागची कड धरा आणि नजर सरळ वर न्या. छातीच्या खालच्या कडेपासून पाठीपर्यंतच्या उंचीचा एक तृतीयांश भाग चढलात की थांबा. तिथे नेम धरला तर चूक होण्याला थोडी जागा उरते. गोळी जरा खाली गेली तर हृदय, जरा वर गेली तर फुप्फुसं, जरा पुढे गेली तर खांद्याचं हाड आणि त्यामागे पुन्हा फुप्फुसं. मागे सरकणं मात्र वाईट. तिथे आधी यकृत लागतं आणि मग पोट.

फार वर मारण्याचा एक धोका नवख्यांना कुणी सांगत नाही. खांद्यावर पाठीचा कणा पाठीच्या रेषेलगत नसतो, चांगला खोल असतो. मणक्यांचे उंच काटे तेवढे वर आलेले असतात. गोळी त्या काट्यांतून गेली तर हरीण वीज पडल्यासारखं कोसळतं. शिकारी आनंदाने रायफल खाली ठेवतो आणि थोड्या वेळात ते उठून झाडीत नाहीसं होतं. म्हणून हरीण दगडासारखं पडलं तर लगेच दुसरं काडतूस चढवा आणि दस्ता खांद्यावरून काढू नका.

आता डोक्याचं. मेंदू मुठीएवढाही नसतो आणि हरणाचं डोकं सतत हलत असतं. ते चरताना मान वर करतं, कान टवकारतं, माशी हाकलतं. तुम्ही चाप ओढेपर्यंत डोकं चार बोटं सरकलेलं असतं. एकदा पाण्याच्या काठी मला एक मादी उभी दिसली. दुर्बिणीतून पाहिलं तर खालचा जबडा लोंबत होता, जीभ बाहेर, आणि बरगड्या मोजता येतील इतकी ती वाळली होती. तोंड पाण्याला लावायची, पाणी आत जात नव्हतं. कुणाची तरी डोक्यावर धरलेली गोळी जरा खाली गेली होती. मी गोळी घालून तिला तिथेच यातनेतून सोडवली. त्या दिवसापासून डोक्याच्या नेमाची बढाई कुणी मारली की मी त्याला ही मादी सांगतो. मानेचंही तेच. जाड मानेत कणा अरुंद पट्टीसारखा जातो आणि ती पट्टी बाहेरून दिसत नाही.

पण तुम्हाला मनापासून सांगायची गोष्ट वेगळीच आहे, आणि ती मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. ‘पुढच्या पायामागे मार’ एवढंच मला शिकवलं होतं. माझ्या दुसऱ्या हंगामात एक नर माझ्याकडे जरासा तोंड करून तिरका उभा राहिला. मी पायामागे नेम धरला आणि गोळी अगदी तिथेच लागली. तरी नराने पाठीची कमान केली, चार पावलं टाकली आणि झुडपात शिरला. तो तिरका असल्यामुळे गोळी पायामागे शिरून यकृताच्या कडेने पोटात गेली होती. पानांवर काळपट रक्त होतं, त्यात चघळलेल्या गवताचे हिरवे तुकडे, आणि आंबूस वास. वर मी घाई केली, लगेच मागावर गेलो. तो उठायचा, पुढे जायचा, पुन्हा बसायचा. दबलेल्या गवताच्या तीन जागा मला सापडल्या आणि मग अंधार पडला. पहाटे तो मिळाला तेव्हा जिवंत होता.

म्हणून नेम कातडीवरच्या ठिपक्यावर धरू नका. छातीच्या मधोमध एक चेंडू टांगलेला आहे असं समजा आणि गोळीची रेघ त्यातून जाईल असं पाहा. मी तर आधी गोळी कुठून बाहेर पडेल ते ठरवतो. हरीण तुमच्यापासून पलीकडे तोंड करून तिरकं असेल तर रेघ पलीकडच्या पुढच्या पायावर निघाली पाहिजे. मग गोळी शिरण्याची जागा बरीच मागे, बरगड्यांवर येते, आणि ते बरोबर असतं. मचाणावरून मारताना गोळी उतरती जाते, तेव्हा शिरण्याची जागा थोडी वर घ्या. तुमच्याकडे तोंड करून तिरकं, समोरासमोर किंवा पाठमोरं असेल तर थांबा. चरणारं हरीण वळतं. न वळता गेलं तर जाऊ द्या.

हे सगळं बरोबर असलं तरी हरणामागे काय आहे ते पाहिल्याशिवाय चाप ओढू नका. मागे माती हवी, आकाश नको. गोळी आरपार जाते आणि मागे उभं असलेलं दुसरं हरीण जायबंदी होतं. गोळी शिकारीसाठी बनवलेली, आत जाऊन फुलणारी घ्या. पूर्ण कवचाची, म्हणजे टोकापर्यंत कठीण धातूने मढवलेली गोळी फुलत नाही, बारीक भोक पाडून निघून जाते. आणि टेकू घेऊनच मारा.

प्रश्न : गोळी लागली आणि हरीण पळालं, तर किती वेळ थांबावं?

उत्तर : आधी जागेवरूनच पाहा. हृदयात किंवा फुप्फुसांत लागलेलं हरीण बहुधा उसळी मारतं किंवा मागचे पाय झाडतं आणि मान खाली घालून सुसाट सुटतं. पोटात लागलेलं पाठ वाकवतं आणि जड पावलांनी जातं. ते शेवटचं कुठे दिसलं ते एखाद्या झाडाशी जुळवून ठेवा, कारण खाली उतरल्यावर सगळी झाडी सारखी दिसते.

मग रक्त बघा. गुलाबी आणि बुडबुडे असलेलं रक्त म्हणजे फुप्फुस. बोटावर घेतलं तर फेस स्पष्ट दिसतो. अर्धा तास थांबून शांतपणे माग काढा. गडद, काळपट लाल रक्त यकृताचं असतं, तिथे तीन-चार तास द्या. हिरवट काही किंवा वास असेल तर सहा-आठ तास तिकडे फिरकू नका. हरीण जवळच बसतं, हुसकलं नाही तर तिथेच संपतं. माग शिकवलेला कुत्रा मिळत असेल तर त्याला बोलवा, आणि तोवर रक्तावरून स्वतः चालून माग पुसू नका.

प्रश्न : बाणाने शिकार करतानाही हीच जागा का?

उत्तर : जागा हीच, पण सवलत कमी. बाण धक्क्याने मारत नाही, पात्याने कापून रक्तस्राव करतो. खांद्याच्या जाड हाडावर तो अडकतो, म्हणून पुढे सरकण्याची मुभा नाही. हरीण आडवं किंवा पलीकडे तिरकं, एवढ्या दोनच वेळी बाण सोडा, आणि सरावात जिथून एकही बाण वाया जात नाही तेवढ्याच अंतरावरून. सरावात बोथट झालेलं पातं भात्यात ठेवू नका. पात्याने हातावरचा केस कापला गेला पाहिजे.