शेवटची स्टेज जिंकूनही पिवळी जर्सी का नाही? २०२४ चा सीझन कुठून बघायचा?

तुम्ही विचारलंय की २०२४ च्या टूर द फ्रान्स फाममध्ये, म्हणजे बायकांच्या टूर द फ्रान्स सायकल रेसमध्ये, शेवटच्या दिवशी आल्प द्युएझवर डेमी व्होलरिंग पहिली आली तरी पिवळी जर्सी (सगळ्या स्टेजचा, म्हणजे टप्प्यांचा, मिळून वेळ सगळ्यात कमी असेल तिला मिळते ती) काशा नेविआदोमाला कशी मिळाली, आणि आता मागे जाऊन तो अख्खा सीझन बघायचा तर सुरुवात कुठून करू. मला दोन्हीचं उत्तर एकच वाटतं म्हणून एकत्रच लिहितेय, जरा लांबेल.

आधी नुसता हिशोब करू. शेवटच्या दिवशी सकाळी व्होलरिंग नेविआदोमाच्या १ मिनिट १५ सेकंद मागे होती. स्टेज जिंकली त्याचे १० सेकंद बोनस मिळाले (म्हणजे एकूण वेळेतून तेवढे वजा), आणि नेविआदोमा तिच्यामागून १ मिनिट १ सेकंदाने वर पोचली, चौथी, म्हणजे तिला बोनस काहीच नाही कारण बोनस पहिल्या तिघींनाच, १०, ६ आणि ४ सेकंद. पंचाहत्तरातून एकसष्ट आणि दहा वजा केले की उरतात ४ सेकंद. सात दिवसांत आठ स्टेज, रॉटरडॅमपासून आल्प्सपर्यंत, आणि फरक ४ सेकंदांचा! टोटलमध्ये तिसरी आलेली पॉलिएना रोयॅकर्स पण फक्त १० सेकंद मागे होती.

आता सगळे म्हणतात व्होलरिंग पाचव्या स्टेजला पडली म्हणून टूर गेली. खरंच आहे ते, पण मला विचाराल तर अर्धंच. त्या दिवशी अ‍ॅम्नेव्हिलला फिनिश होता, पिवळी जर्सी तिच्याच अंगावर होती आणि साधारण सहा किलोमीटर राहिले असताना मोठा क्रॅश झाला, त्यात ती आपटली. शेवटच्या तीन किलोमीटरच्या आत पडलं असतं तर नियमाने ग्रुपचाच टाइम मिळाला असता, पण ती त्याच्या बाहेर पडली त्यामुळे १ मिनिट ४७ सेकंद गेले. आणि स्टेज जिंकली कोणी, तर तिच्याच एसडी वर्क्स टीमच्या ब्लांका वासने. लीडर मागे एकटी धडपडतेय आणि पुढे टीममेट स्प्रिंट मारतेय, यावरून तेव्हा खूप वाद झाला, कोणीतरी थांबायला हवं होतं असं मलाही वाटतं, अजूनही वाटतं.

पण त्याच स्प्रिंटमध्ये दुसरं कोण आलं ते बघा. नेविआदोमा. तिला स्प्रिंटर म्हणून कोणी ओळखत नाही, तरी तिने तो स्प्रिंट पूर्ण मारला आणि ६ सेकंद बोनस घेतला. ते ६ सेकंद काढून टाका, टूर व्होलरिंगने २ सेकंदांनी जिंकलेली असते. म्हणजे क्रॅशने दार उघडलं खरं, पण आत पाऊल टाकलं ते नेविआदोमाने स्वतःच्या पायांनी.

अजून एक दिवस मागे जा. चौथी स्टेज, व्हाल्केनबुर्ख ते लिएज, वसंतातल्या, एका दिवसाच्या क्लासिक रेसमधले चढ त्यात घेतले होते. शेवटी तिघी उरल्या, पुक पीटर्से, व्होलरिंग आणि नेविआदोमा. पीटर्से आणि व्होलरिंग अगदी चाकाला चाक लावून लाइनवर आल्या, फोटो काढून बघावं लागलं कोण आधी ते, आणि पीटर्से जिंकली. पहिलीला १०, दुसरीला ६. त्या टायरभर अंतराची किंमत व्होलरिंगला किती पडली? ४ सेकंद. बरोबर तेवढेच चार. तो फोटो उलटा आला असता आणि बाकी सगळं जसंच्या तसं राहिलं असतं तर टूर बरोबरीत सुटली असती आणि मग नियमाप्रमाणे टाइम ट्रायलमधले (एकेकटीने घड्याळाविरुद्ध सायकल मारायची ती स्टेज) सेकंदाचे शतांश मोजायला लागले असते. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी वही घेऊन परत बेरीज केली होती, विश्वासच बसेना.

म्हणून म्हणते की फक्त डोंगरातली शेवटची स्टेज बघून ह्या रेस कळत नाहीत. पुरुषांची टूर २१ स्टेजची असते, तिथे एका दिवशीची चूक भरून काढायला दोन आठवडे मिळू शकतात. इथे २०२४ ला आठच स्टेज होत्या आणि टीममध्ये सातच रायडर, चूक झाली की सावरायला दिवसही नाहीत आणि हातही कमी.

आता सीझन. तुम्हाला सगळं बघायला वेळ नसेल तर जानेवारी-फेब्रुवारी सोडून द्या. (टूर डाउन अंडर सारा जिजांटेने जिंकली, यूएई टूर लोटे कोपेकीने, एवढं लक्षात ठेवलं तरी चालेल.) मार्चमध्ये स्ट्राडे ब्यांकेपासून सुरू करा, टस्कनीतले पांढऱ्या खडीचे रस्ते आणि शेवटी सिएना गावातला तो उभा चढ. कोपेकी पहिली, एलिसा लोंगो बोर्गिनी दुसरी, व्होलरिंग तिसरी. ह्या तिघींची नावं वर्षभर परत परत येत राहतील.

मग ३१ मार्चची टूर ऑफ फ्लँडर्स, ही अजिबात चुकवू नका. शेवटी तिघी पुढे, लोंगो बोर्गिनी, तिची टीममेट शिरिन व्हान आनरॉय आणि नेविआदोमा. म्हणजे लिडल-ट्रेकच्या दोघी आणि समोर एकटी. सायकल रेसमध्ये दोघींविरुद्ध एकटी म्हणजे काय ते इथे नीट दिसतं. पुढचीच्या मागच्या चाकाला चिकटून बसलं की वारा ती खाते आणि आपले पाय वाचतात, त्यामुळे पुढे कोण ओढतंय आणि मागे कोण बसलंय यावरच सगळा खेळ. दोघींपैकी एक सुटली तर एकटीने तिला धरायला जायचं आणि त्या वेळी दुसरी आरामात आपल्या चाकावर. लोंगो बोर्गिनी जिंकली, नेविआदोमा दुसरी. लोंगो बोर्गिनीने ही रेस आधी २०१५ ला जिंकली होती, मध्ये नऊ वर्षं!

पुढच्याच आठवड्यात पॅरिस-रुबे, दगडी रस्त्यांची. कोपेकीने वर्ल्ड चॅम्पियनच्या इंद्रधनुष्य पट्ट्यांच्या जर्सीत जिंकली. ह्या रेसबद्दल एक गोष्ट माहीत असू द्या, बायकांची रुबे सुरूच झाली २०२१ मध्ये. पुरुषांची १८९६ पासून चालू आहे. त्या पहिल्या वर्षी लिझी डाइग्ननला जिंकल्याचे १५३५ युरो मिळाले आणि पुरुषांच्या विजेत्याला ३०,०००. दगड तेच, चिखल तोच. वरच्या पातळीच्या टीममधल्या बायकांना किमान पगार ठरवून मिळायला लागला तोसुद्धा २०२० पासून, सुरुवातीला वर्षाला १५,००० युरो, नंतर वाढला. त्याआधी कित्येक चांगल्या रायडर दुसरी नोकरी सांभाळून ट्रेनिंग करायच्या. मी जुन्या रेस बघते तेव्हा हे डोक्यात असतंच.

अ‍ॅम्स्टेल गोल्ड रेसचा शेवट तेवढा बघा, पाच मिनिटं पुरे. लोरेना वीबेस, त्या वेळची जगातली सगळ्यात फास्ट स्प्रिंटर म्हणायला हरकत नाही, लाइनच्या जरा आधी सरळ झाली, हात वर करायला लागली, आणि बाजूने मारियाने व्हॉसने मान खाली घालून सायकल पुढे ढकलली. सायकल पुढे ढकलायची म्हणजे दोन्ही हात ताणून स्वतःचं अंग मागे टाकायचं आणि चाक पुढे फेकायचं, तेवढ्यात काही इंच मिळतात. व्हॉस जिंकली, वयाच्या ३६ व्या वर्षी. ती लाइन पार होईपर्यंत थांबत नाही, हीच तिची वीस वर्षांची सवय.

त्यानंतर तीनच दिवसांनी फ्लेश वॉलोन, थंडी आणि पाऊस, शेवटी म्यूर द हुईचा चढ. इथे नेविआदोमा जिंकली, व्होलरिंगला मागे टाकून! २०१९ नंतर रोडवरचा तिचा पहिला विजय. मधली सगळी वर्षं ती दुसरी-तिसरी येत होती, टूरमध्ये २०२२ ला तिसरी, २०२३ ला पण तिसरी. लोक म्हणायला लागले होते की ही अटॅक खूप करते पण जिंकत नाही. म्हणून मी म्हणते ऑगस्टमधल्या त्या ४ सेकंदांची सुरुवात एप्रिलमध्ये हुईच्या चढावर झाली, व्होलरिंगला शेवटच्या चढावर हरवता येतं हे तिने तिथे स्वतःला दाखवलं. हे माझं मत, कोणाला पटणार नाही कदाचित. एप्रिलच्या शेवटी लिएज-बास्तोन-लिएज ग्रेस ब्राऊनने जिंकली.

मे-जूनमध्ये व्होलरिंगचंच राज्य, स्पेनची व्हुएल्टा, इत्झुलिया, बुर्गोस, टूर द स्विस, सगळं तिचं. जुलैत जिरो डी'इटालिया, इटलीची अनेक स्टेजची रेस. लोंगो बोर्गिनीने पहिल्याच दिवशी टाइम ट्रायल जिंकून गुलाबी जर्सी (तिथली लीडरची) घेतली आणि शेवटपर्यंत उतरवली नाही, पण शेवटच्या स्टेजच्या सकाळी कोपेकी तिच्या फक्त १ सेकंद मागे होती. एक! शेवटी लाक्विलाला २१ सेकंदांनी जिंकली. हा दिवस पूर्ण बघा.

मग पॅरिस ऑलिंपिकची रोड रेस. तिथे देशाच्या जास्तीत जास्त चारच रायडर आणि कानात रेडिओ नाही, त्यामुळे गाडीतून कोणी सांगणारं नाही की गॅप किती आहे, कोणाला ओढू दे. पुढे व्हॉस आणि वास होत्या, मागून कोपेकी आणि अमेरिकेची क्रिस्टन फॉकनर येऊन मिळाल्या, आणि मिळाल्या मिळाल्याच, तिघी एकमेकींकडे बघतायत तेवढ्यात फॉकनर सुटली, शेवटचे तीनेक किलोमीटर एकटीने काढून गोल्ड. व्हॉस सिल्व्हर, कोपेकी ब्राँझ.

सप्टेंबरमध्ये झुरिकला वर्ल्ड चॅम्पियनशिप, पावसात, कोपेकी सलग दुसऱ्यांदा. आणि ग्रेस ब्राऊनने ऑलिंपिक पाठोपाठ तिथेही टाइम ट्रायल जिंकली आणि त्याच सीझनअखेर रिटायर झाली. अशा फॉर्ममध्ये असताना थांबायचं, मला तिचं फार कौतुक वाटतं.

आता परत टूरच्या शेवटच्या स्टेजकडे. तुम्ही ती बहुतेक शेवटची वीस मिनिटं बघितलीत. परत लावा आणि ग्लँडनच्या घाटापासून बघा, १९.७ किलोमीटरचा चढ आहे. वर पोचायच्या आधीच व्होलरिंगने अटॅक केला, फिनिशला पन्नासच्या वर किलोमीटर बाकी होते, आणि तिच्याबरोबर फक्त रोयॅकर्स टिकली. नेविआदोमा मागे पडली. घाट उतरला की मध्ये सपाट दरी लागते, तिथे पुढच्या दोघींत जवळजवळ सगळं ओढायचं काम व्होलरिंग एकटी करतेय, कारण रोयॅकर्स टोटलमध्ये तिच्या पुढे होती, तिने का ओढावं. मागच्या ग्रुपमध्ये मात्र लुसिंडा ब्रँड होती, लिडल-ट्रेकची. तिची लीडर गाया रेआलिनी त्याच ग्रुपमध्ये होती म्हणून ब्रँड पुढे होऊन वारा खात ओढत राहिली. नेविआदोमाची टीम वेगळी, ब्रँडचं तिच्याशी काही देणंघेणं नाही, पण चाक मिळालं. एप्रिलमध्ये फ्लँडर्सला ह्याच टीमने दोघी मिळून तिला हरवलं होतं, ऑगस्टमध्ये ह्याच टीमच्या चाकामागे तिचे पाय वाचले.

मग आल्प द्युएझचा चढ, १३.८ किलोमीटर, २१ वळणं. तिथे कॅमेरा सारखा व्होलरिंगवर जाईल, तुम्ही स्क्रीनच्या कोपऱ्यातला गॅप बघा. शेवटच्या किलोमीटरमध्ये नेविआदोमाचा चेहरा बघा, खांदे डोलतायत, सायकल डावी-उजवीकडे जातेय. आणि व्होलरिंग लाइन पार करून गेली की रेस संपली असं समजू नका, घड्याळ लावा आणि त्यापुढचं एक मिनिट आवाज बंद करून बघा.