लातूरला घरीच गाणी करतो. सिंथचे (सिंथेसायझर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक आवाज तयार करणारं वाद्य) तीन-चार हजार आवाज साठलेत, पण हवा तो वेळेवर सापडत नाही. कसे लावून ठेवू?

आधी नावं बदला. ‘न्यू पॅड 7’वरून काहीच आठवत नाही (पॅड म्हणजे गाण्यामागे लांब टिकणारा आवाज). मी नांदेडला गोंधळ-भारुडाच्या चालींवर काम करतो, त्यामुळे माझी नावं अशी: ‘पॅड-मऊ-संबळामागे’, ‘बेस-गोल-जागरणाला’. प्रकार, स्वभाव, उपयोग, याच क्रमाने. संबळ-तुणतुण्याचे स्वतः रेकॉर्ड केलेले नमुने असतील तर पट्टीही लिहा, काळी एक की पांढरी चार. गायक समोर बसल्यावर शोधाशोध फार जड जाते.

जुना हार्डवेअर सिंथ असेल तर जागा कमी. 1983च्या यामाहा डीएक्स-7मध्ये आत 32च आवाज मावतात, नावाला 10 अक्षरं. तिथे सिसेक्स फाइल (सिंथमधल्या आवाजांची प्रत) संगणकावर काढा आणि पूर्ण नाव, बँक (आवाजांचा गट), प्रोग्रॅम नंबर (गटातला आवाजाचा क्रमांक) एक्सेलमध्ये ठेवा. एक जपा: मिडीत (वाद्यं आणि संगणक एकमेकांना सूचना देतात ती पद्धत) प्रोग्रॅम 0 ते 127 असतात, पण बरेच कीबोर्ड 1 पासून मोजतात. त्या एकाच्या फरकाने शेजारचा आवाज वाजतो.

सगळे एका बैठकीत ऐकू नका, कान थकले की निवड चुकते. रोज वीस पुरे. नावडते पुसू नका, वेगळ्या फोल्डरात टाका.