शेवटच्या गाठी का निघत नाहीत?

(कमांडची नावं इथे देवनागरीत छापली आहेत; टाइप करताना इंग्रजी लहान अक्षरांत करावीत; ‘रँडम’, ‘आरएस’ आणि ‘एनआर’ मात्र मोठ्या अक्षरांत.)

प्रश्न: आमच्या टॉवेलच्या गोदामातल्या साठ्याची यादी टेक्स्ट फाइलमध्ये आहे. एका ओळीत एक गाठ, अशा 48,000 ओळी. दर महिन्याला 200 गाठी सोडतीसारख्या निवडून वजन आणि नग तपासतो. शेल स्क्रिप्ट (कमांडची फाइल) ‘रँडम’ने मिळणाऱ्या यादृच्छिक आकड्याला 48,000 ने भागून बाकी घेते, त्यात 1 मिळवते आणि ‘सेड’ने त्या क्रमांकाची ओळ काढते. यादीच्या शेवटच्या भागातली गाठ मात्र एकदाही निघाली नाही. असं का?
— एक वाचक, अक्कलकोट रोड एमआयडीसी, सोलापूर

उत्तर: बॅश या शेलमधला ‘रँडम’ 0 ते 32,767 एवढेच आकडे देतो. त्याला 48,000 ने भागलं तरी बाकी तोच आकडा राहतो. त्यामुळे 32,768 च्या पुढची ओळ निघणारच नाही. तुमच्या 15,232 गाठी तपासणीबाहेर आहेत. यादी आवक तारखेनुसार लावलेली असेल तर नेमका नवा माल सुटतोय. यादी लहान असली तरी सुटका नाही. 20,000 ओळी असत्या, तर पहिल्या 12,768 ओळींना बाकीच्यांच्या दुप्पट संधी मिळाली असती, आणि ते कुणाच्या ध्यानातही आलं नसतं.

शिवाय तुमच्या पद्धतीत एकच आकडा दोनदा येऊ शकतो. 32,768 मधून 200 आकडे काढले तर निदान एक पुन्हा येण्याची शक्यता सुमारे 45 टक्के असते. म्हणजे कधी 200 ऐवजी 199च गाठी तपासल्या जातात.

हे सगळं सोडा आणि ओळी पिसून निवडणारी ‘शफ’ कमांड वापरा. लिनक्सवर ती सहसा असतेच:

टेल -एन +2 साठा.टीएक्सटी | शफ -एन 200 | सॉर्ट -एन

‘टेल’ मथळ्याची पहिली ओळ गाळतो (यादीला मथळा नसेल तर ‘टेल’ नको, ‘शफ -एन 200 साठा.टीएक्सटी’ने सुरुवात करा), ‘शफ’ एकही ओळ पुन्हा न घेता 200 निवडतो. ओळीच्या सुरुवातीला गाठ क्रमांक असेल तर ‘सॉर्ट’ त्या क्रमाने ओळी लावतो, त्यामुळे गोदामात उलटसुलट फिरावं लागत नाही.

ऑडिटरला तीच निवड पुन्हा काढून दाखवायची असेल तर ‘हेड -सी 1000000 /डेव्ह/युरँडम’ने यादृच्छिक बाइटची एक फाइल बनवून ठेवा आणि ‘शफ’ला ‘--रँडम-सोर्स=’ पुढे तिचं नाव द्या. त्या दिवशीच्या साठ्याच्या यादीची प्रतही जपा. एक ओळ वाढली तरी निवड बदलू शकते. फाइल दर महिन्याला नवी करा. आणि निघालेली गाठ थप्पीच्या तळाशी आहे म्हणून शेजारची उघडायची सवलत हमालांना देऊ नका. तिथे सगळी सोडत वाया जाते.

प्रश्न: विडी कामगार महिलांच्या पाहणीसाठी नाव-पत्त्यांची फाइल आहे. एक नोंद चार-पाच ओळींची, दोन नोंदींमध्ये रिकामी ओळ. ‘शफ’ने नोंदींचे तुकडे होतात. 50 नोंदी अखंड कशा काढाव्यात?
— एक विद्यार्थिनी, सोलापूर

उत्तर: ‘शफ’ला ओळ कळते, नोंद कळत नाही. मजकूर नोंदीनोंदीने वाचणाऱ्या ‘ऑक’मध्ये ‘आरएस’ (नोंदी वेगळ्या करणारं चिन्ह) रिकामं ठेवलं की रिकाम्या ओळीपर्यंतचा मजकूर एक नोंद होतो. पहिल्या 50 नोंदी जशाच्या तशा क्रमांकवार जागा असलेल्या अ‍ॅरेत भरा. त्यापुढच्या प्रत्येक नोंदीला, समजा ती 51वी, 1 ते 51 मधला एक यादृच्छिक आकडा काढा. तो 50 किंवा कमी आला तर त्या जागेवरची नोंद काढून ही ठेवा, नाहीतर पुढे चला. 52व्या नोंदीला 1 ते 52, असं शेवटपर्यंत. प्रत्येक नोंदीला सारखी संधी मिळते, फाइल एकदाच वाचली जाते आणि एकूण नोंदी आधी मोजाव्या लागत नाहीत. आकड्याचं सूत्र: इंट(रँड() * एनआर) + 1. ‘एनआर’ म्हणजे चालू नोंदीचा क्रमांक. शेवटचा 1 विसरलात तर 0 येतो आणि ती नोंद नसलेल्या जागेत जाते.

सुरुवातीला ‘एसरँड()’ लिहा; त्याने यादृच्छिक आकड्यांची सुरुवात बदलते. ते नसेल तर ‘गॉक’ (‘ऑक’चीच एक आवृत्ती) दर वेळी त्याच 50 महिला देईल. ‘एसरँड()’ घड्याळातले सेकंद घेतं, म्हणून स्क्रिप्ट एका सेकंदात दोनदा चालवली तरी निवड तीच येते.

कुंभारीच्या विडी घरकुलातल्या आणि शहरातल्या पेठांमधल्या महिलांची तुलना करायची असेल, तर दोन फाइली करून प्रत्येकीतून वेगळ्या नोंदी काढा. एकत्र सोडतीत लहान गटाच्या वाट्याला दोन-तीनच येऊ शकतात.

निकालात अख्खी फाइल एकच नोंद म्हणून आली, तर ती बहुधा विंडोजवर बनलेली आहे. तिथली रिकामी ओळ खरी रिकामी नसते, तिच्यात एक न दिसणारं चिन्ह असतं. आधी ते काढणारं ‘डॉस2युनिक्स’ चालवा. रिकाम्या ओळीत चुकून स्पेस पडली असली तरी हेच होतं, आणि ती मात्र ‘डॉस2युनिक्स’ने जात नाही, ‘सेड’ने काढता येते.