हरणाच्या शिकारीसाठी ट्रेल कॅमेऱ्यावर किती विसंबून राहावं?

तुम्ही लिहिलंय की अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये मित्राच्या शेतावर तीन ट्रेल कॅमेरे, म्हणजे जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणारे झाडाला बांधायचे कॅमेरे, लावलेत, सप्टेंबरपासून एका मोठ्या नराचे फोटो येतायत, पण मचाणावर बसलं की तो दिसत नाही. मी याच राज्यात नऊ हंगाम पांढऱ्या शेपटीच्या हरणांमागे फिरलोय. पहिले तीन हंगाम मीही असाच फोटो बघून बसायचो.

आधी फोटोंच्या वेळा बघा. रात्री अकरा, दोन, साडेतीन अशा असतील, तर त्यांच्या भरवशावर मचाण लावू नका. इथे सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपर्यंत शिकार करताच येत नाही. रात्री दोनला मक्याच्या कडेला आलेला नर उजाडताना कुठल्या झाडोऱ्यात जाऊन बसतो, हे कळायला हवं, आणि नेमकं तेच फोटोत नसतं.

आणि फोटो नाही म्हणजे हरीण नाही, असंही धरू नका. एका नोव्हेंबरात माझा कॅमेरा चार दिवस रिकामा होता. नर गेला असं समजून मी ती जागा सोडली. मग रात्रीतून चार बोटं बर्फ पडला. सकाळी कार्ड काढायला गेलो, तर कॅमेरा बांधलेल्या झाडाच्या मागून, जेमतेम पंधरा पावलांवरून, खुरांची ताजी ओळ गेलेली. रुंद ठसे, प्रत्येक ठशापुढे बर्फात पाय ओढल्याची रेघ. कॅमेऱ्याचं तोंड पायवाटेकडे होतं, आणि हा पायवाटेला समांतर, वारा वाटेवरून त्याच्याकडे येईल अशा बाजूने चालला होता. रटचे, म्हणजे माद्या माजावर यायचे दिवस. पायवाटेवरून कोण गेलंय हे त्याला लांबूनच वासावर कळत होतं, वाटेवर यायची गरजच नव्हती.

कॅमेऱ्याला दिसतो तो समोरचा पाचरीएवढा तुकडा, साधारण ६० ते ८० फूट. त्याचा सेन्सर हलती उष्णता टिपतो, त्यामुळे सप्टेंबरच्या उकाड्यात अंग आणि हवा यांतला फरक कमी झाला की समोरून गेलेलं जनावरही सुटतं. थंडीत साधे अल्कलाइन सेल लवकर मान टाकतात, लिथियमचे घाला.

शिवाय सप्टेंबरचं वेळापत्रक नोव्हेंबरात चालत नाही. ओकची फळं गळायला लागली की हरणं सोयाबीन सोडून रानात शिरतात, आणि रटमध्ये नर नेहमीच्या हद्दीबाहेरही भटकतो.

सगळ्यात मोठं नुकसान मात्र आपणच करतो. दर दोन दिवसांनी कार्ड बघायला गेलं की आपला वास तिथे राहतो, आणि वयात आलेला नर ती जागा फक्त अंधारात वापरायला लागतो. सिमवाल्या कॅमेऱ्याने या फेऱ्या वाचतात, पण फोनवर फोटो आला की त्याच क्षणी उठून जाणं मला पटत नाही. ॲरिझोनाने तर २०२२ पासून शिकारीसाठी ट्रेल कॅमेरे वापरायलाच बंदी घातली आहे.

आपल्याकडे ताडोबात वाघ मोजायला कॅमेरे लागतात, पण त्याआधी वनरक्षक पायी फिरून ठसे आणि विष्ठा नोंदवतातच. तिथे तर पट्ट्यांवरून एकेक वाघ ओळखता येतो. हरणाची शिंगं दर हिवाळ्यात गळतात, त्यामुळे गेल्या वर्षीच्या फोटोतला नर हाच, हेही छातीठोकपणे सांगता येत नाही.

तुमच्या जागी मी असतो तर एका भर दुपारी, वारा तोंडावर घेत, शेताच्या कडेपासून झाडोऱ्याकडे एकदाच चालत गेलो असतो. शिंगं घासून सोललेली खोडं एका ओळीत सापडतात का, साल कुठल्या अंगाने निघालीय, खाली उकरलेली ओली माती आणि ताज्या लेंड्या आहेत का, हे बघा. पहाटे शेतातून परतताना त्याच्या वाटेत येणारी खोडं शेताकडच्या अंगाने सोललेली असतात. मचाण तिथे, झाडोऱ्याच्या अलीकडे हलवा.

तुमचं मचाण सध्या शेताच्या कुठल्या बाजूला आहे ते लिहा, म्हणजे पश्चिमेचा वारा असताना कुठे बसायचं ते सांगता येईल.