‘व्यवसायोपचार’मधला व्यवसाय कोणता?

प्रश्न असा : ‘ठाण्यात नौपाड्यात एका पाटीवर ‘व्यवसायोपचार केंद्र’ असं वाचलं. आत सगळी लहान मुलं. त्यांना कसला आलाय व्यवसाय? ‘व्यावसायिक उपचार’ असं हवं का?’

मुळीच नको. व्यवसायोपचार म्हणजे ‘ऑक्युपेशनल थेरपी’ : रोजची कामं आपली आपण करायला शिकवणारा उपचार. ‘व्यावसायिक उपचार’ म्हटलं की बाकीचे डॉक्टर हौशी ठरतात. हिंदीत ‘व्यावसायिक चिकित्सा’ चालतं म्हणून तेच मराठीत रेटणाऱ्यांनी आपल्या राज्याच्या ‘व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदे’चं निदान नाव तरी वाचावं.

धंदा, पेशा हे अर्थ सर्वांना ठाऊक आहेत, ते सोडा. गंमत धातूत आहे : वि + अव + सो. धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या यादीत, ‘षो अन्तकर्मणि’, म्हणजे शेवटास नेणे. ‘पर्यवसान’, ‘देहावसान’ याच घरातले. व्यवसाय म्हणजे तडीस नेण्याचा निश्चय. गीतेतली ‘व्यवसायात्मिका बुद्धि’ काही दुकान टाकायला निघालेली नाही. हा अर्थ मेला, असं म्हणणाऱ्या पंडितांनी एखादी ओटी, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपिस्ट, मुलाला बटण लावायला कशी शिकवते ते पाहावं.

ती शेवटची पायरी आधी घेते. बटण काजात अर्धं सरकवून देते, मुलानं ते पलीकडून ओढून काढायचं. ते जमलं की काजात ढकलणं, मग काजाची कड धरणं, आणि बटण चिमटीत पकडणं सगळ्यांत शेवटी. त्यामुळे पहिल्या दिवसापासून काम पुरं होतं ते मुलाच्याच हातून. अन्तकर्म! सुरुवातीला बटण मोठं नि चपटं, कापड कडक, टेबलावर पसरलेलं. अंगातल्या शर्टावर आलं की खालच्या बटणांपासून, कारण गळ्याजवळचं दिसतच नाही. फसतं कुठे? स्कूलबसच्या घाईत घरचेच सगळी बटणं लावून टाकतात, आणि नेमकी ती शेवटची पायरी मुलाकडून जाते.

शब्द घडवणाऱ्यांच्या डोक्यात धातुपाठ नसेलही. पण इंग्रजी ‘ऑक्युपेशन’च्या मुळाशी लॅटिनमधलं ‘ताब्यात घेणं’ आहे. आपला शब्द सरस, माझं मत बदलणार नाही.

‘हाताचं ते ओटी, पायाचं ते फिजिओ’ हीसुद्धा थापच. ओटीचा विषय रोजची कामं : जेवण, अंघोळ, कपडे, शाळा, नोकरी. अर्धांगवायूनंतर सदरा घालताना लुळा हात आधी, काढताना चांगला हात आधी. उलट केलं की बाही अडकते, घरचे हात खेचतात आणि खांदा दुखावतो.

या शाखेत जायचं असेल तर बारावीला जीवशास्त्र हवं, आणि महाराष्ट्रात प्रवेश नीटच्या गुणांवर. नवी मुंबईकरांना नेरूळला शिकायची सोय आहे. मुंबईत केईएम, सायन, नायर. केईएममधलं विद्यालय या शाखेचं देशातलं पहिलं, १९५० साली कमला निंबकरांनी सुरू केलेलं.

आणि हो, पाटीवर ‘व्यवसाय उपचार’ असं तोडून लिहू नका. अ आणि उ मिळून ओ होतो.